दारावरचा माणूस, नाव माहीत नाही

तुम्हाला एखाद्या माणसाचं नाव पक्कं माहीत आहे, वहीत तीनदा लिहून घेतलेलं आहे, आणि तरीही तुम्ही 'नाव माहीत नाही' असं लिहून दिलंय, असं तुमच्या हातून कधी झालंय का?

माझ्या हातून झालंय. घाबरून झालं. आणि घाबरले होते हे स्वतःशीसुद्धा कबूल करायला नको, म्हणून मी तत्त्व पुढं केलं. त्याची लाज मला घाबरण्यापेक्षा जास्त वाटते.

मी पत्रकांवर वाढले. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत बाबांचा छापखाना. फ्लेक्सवाले आले आणि तो जवळजवळ बसला, पण मी लहान असताना तिथलं ट्रेडल, पायानं चालवायचं छपाईयंत्र, दिवसभर खडखडत असायचं. घरात कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली, वह्यांना पत्रकांची कव्हरं, गणितं पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. 'श' हे अक्षर ही पोरगी शहामृगावरून नाही, शोषणावरून शिकली, असं आई पाहुण्यांना सांगायची.

बाबांचा नियम एकच होता. पत्रकावर माणसाचं नाव नाही. खाली सही काय, तर 'समस्त कामगार', 'आपले बांधव', 'एक भाडेकरू'. दहावीत असताना मी एक पत्रक स्वतः लिहिलं आणि खाली माझं नाव घालायचा हट्ट धरला. बाबा अक्षरांचे खिळे जुळवत होते. मान वर न करता म्हणाले, "नाव आलं की मागणी लहान होते." मी रुसले, पण वाक्य मनात बसलं. पुढं कॉलेजात मी ते इतरांना सुनावायला लागले. वर्तमानपत्रात नाव यावं म्हणून धडपडणाऱ्या पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकायला लागले. परदेशी बँकांविरुद्ध एक पत्रक मी लिहिलं होतं, 'या पाहुण्या म्हणून येतात आणि मालक म्हणून राहतात', तेही बिननावाचं. शहागंजच्या घड्याळाखाली उभी राहून ते मी वाटलं. लोक हातात घेत होते, दोन पावलं चालून चुरगाळत होते. मला वाटत होतं, जग हलतंय.

शिक्षण संपलं तोवर छापखान्यात लग्नपत्रिकांपेक्षा धूळ जास्त झाली होती आणि बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी नोकरी धरली. सिडकोतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही आठ जण बसायचो आणि परदेशातल्या कंपन्यांची पुस्तकं इंग्रजीत लिहून द्यायचो. कुणाच्या हॉटेलाचा इतिहास, कुणाच्या कारखान्याची जन्मकथा. पुस्तकावर आमचं नाव नसायचं. बाबांना मी सांगितलं, "शाळेच्या पुस्तकांचं काम आहे." ते खूश झाले.

मग एका बँकेचं पुस्तक आलं.

बँक मूळची विलायतेची. पण मलेशियात ती इतकी जुनी, की त्या देशाचं नाव मलाया होतं तेव्हापासून तिथं आहे. गोरे इंग्रज रबराचे मळे लावत होते, चिनी मजूर कथिलाच्या खाणीत उतरत होते, तेव्हाही ही तिथल्या एका गावात खांबांच्या इमारतीत बसलेली होती. जपानी आले तेव्हा तिला कुलूप लागलं. जपानी गेले, कुलूप निघालं. इंग्रजांचा झेंडा उतरला, त्या देशाचा स्वतःचा चढला, पण दारावरची पाटी तीच राहिली. इतकी वर्षं इथं आहोत म्हणून त्यांना एक जाडजूड पुस्तक काढायचं होतं. माझ्या वाट्याला एक प्रकरण आलं. विषय दिला होता: 'राहणं'.

मला तेव्हाच माझं पत्रक आठवायला हवं होतं. आठवलंही. पण महिनाभर त्या इमारतीचे जुने फोटो बघता बघता मला त्या कामाची गोडी लागली, हे खरं आहे. ती इमारत मला आमच्या गल्लीसारखी पाठ झाली. दोन्हीकडं गोल खांब, वर कमानीत घड्याळ, आणि तिसऱ्या पायरीचा डावा कोपरा बॉम्बच्या तुकड्यानं उडालेला. ती पायरी बँकेनं मुद्दाम तशीच ठेवली होती. बँकेकडून एक बाई माझ्याशी पत्रव्यवहार करायच्या. नेमकं, सभ्य, दोन ओळींचं लिहायच्या. एकदा त्यांनी लिहिलं, 'आमच्याकडं साहेबांचे फोटो भरपूर आहेत. दारावरच्या माणसांचे नाहीत. कुठं मिळाले तर कळवा.' मी मनात हसले. म्हटलं, तुम्ही काढलेच नसतील.

त्याच आठवड्यात, रविवारी, मी करमाडला गेले होते. शेंद्र्याच्या कारखान्यांत ठेकेदाराकडं राबणाऱ्यांसाठी बाबांनी एक पत्रक छापलं होतं, ते वाटायला. उन्हाळ्याचे दिवस. गावाच्या कडेला एका घरापुढं चार शेळ्या, लिंबाखाली बाज, बाजेवर सत्तरीची एक बाई शेंगा फोडत बसलेली. त्यांचा मुलगा त्याच कारखान्यांतल्या एकात होता, आमच्या सभांना यायचा, बाबांना ओळखायचा. तो कामावर गेला होता.

"कागद वाटती का? दे हिकडं," त्या म्हणाल्या. "वाचता येत नाय मला, पर शेंगाच्या टरफलाला बरा हाय."

"मावशी, तुमच्या मुलाच्याच हक्काचं लिहिलंय त्यात."

"मंग त्याला दे. मला पाणी माग, च्या माग."

मी पाणी मागितलं आणि प्यायला आत गेले. भिंतीवर देवांच्या ओळीत एक काळा-पांढरा फोटो होता. डोक्याला साफा, हातात बंदूक, छाती पुढं काढून उभा एक माणूस. मागं दोन गोल खांब. त्याचा उजवा बूट तिसऱ्या पायरीवर होता, आणि पायरीचा डावा कोपरा उडालेला होता.

मी तांब्या खाली ठेवला.

"मावशी, हे कोण?"

"बाप माझा. मलायात व्हता."

मग त्यांनी सांगितलं. मी मध्ये मध्ये विचारत होते, त्या शेंगा फोडत होत्या. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. बाप तरणा असताना कळप सोडून निजामाच्या फौजेत भरती झाला. लढाई लागली, फौजेची एक तुकडी बोटीनं मलायाला गेली, हा तिच्यात. जपान्यांनी धरलं. लढाई सरली तेव्हा हा हिवतापानं दवाखान्यात पडलेला, सोबतचे बोटीनं निघून गेले. बरा झाला तर खिशात काही नाही, ओळखीचं कुणी नाही. एका ठेकेदारानं त्याला त्या बँकेच्या दारावर उभं केलं. कैदेतून सुटलेला फौजी, बंदूक धरता येते, एवढं त्यांना पुरे होतं. दिवसा दारात उभं राहायचं, झोपायचं तर तिथंच व्हरांड्यात, बाजेवर. तिथंच त्याला कळलं की हैदराबादेत पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आणि तो ज्या फौजेतून आला होता ती फौजच मोडली.

"आता कुणाकडं जाऊन म्हणावं, माझा पगार द्या, माझा कागद द्या?" मावशी म्हणाल्या. "म्हणून राह्यला तिथंच. चार-पाच सालांनी आला. करमाडच्या टेसनात उतरला तर पहिल्यांदा जो भेटला त्यानं काय इचारलं असंल?"

"काय?"

"पोलीस ॲक्शनच्या वक्ती तू कुठं व्हता?"

त्यांनी हातातली शेंग न फोडताच बाजूला टाकली.

"निजामाच्या फौजेतला माणूस. गायब झालता. आला तर अंगावर चांगले कापडं. लोकायनं ठरवून टाकलं, हा रझाकारायसंगं व्हता, कुठंतरी दडी मारून बसलाता. मलाया कुणी बघितलंय? माझ्या आईला नळावर बोलायचे. मला शाळंत बोलायचे. म्हणून तर शाळा सुटली माझी. बाप मेला तवा खांदेकरी मोजूनच आले. आज माझ्या नातीला कुणी काही म्हणत नाय, पर भांडण झालं की निघतंच तोंडातून."

आणि आता त्यांच्या मनात एक गोष्ट होती. येत्या सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला, शाळेच्या दारात एक फलक लागणार होता. गावातून फौजेत गेलेल्या सगळ्यांची नावं त्यावर रंगवायची होती. मावशी कमिटीकडं गेल्या होत्या.

"म्या म्हणलं, माझा बाप इंग्रजाच्या लढाईत लढला, जपान्याची कैद भोगली. ते म्हणले, छापील सबूत आणा. म्या फोटो नेला. तर एक जण म्हणतो, मावशी, असे फोटो जत्रंत पडद्याम्होरं उभं राहून काढतेत. सगळे हासले."

खरं सांगते, त्या क्षणी माझ्यासारखी आनंदी मुलगी मराठवाड्यात दुसरी नसेल. सगळं माझ्या हातात होतं. मी म्हटलं, "मावशी, त्या बँकेचं पुस्तक निघतंय. माझ्या ओळखीचे लोक काढतायत. हा फोटो त्यात छापून आणते. खाली नावासकट. तिथल्या बँकेनंच छापल्यावर कोण काय बोलेल?"

मी लिहितेय, असं नाही म्हटलं. ओळखीचे लोक म्हटलं. पहिली चूक तिथंच झाली.

मावशींनी फोटो भिंतीवरून उतरवला. काचेमागून काढून मला उलटा करून दाखवला. मागची बाजू कोरी होती. "त्यालाबी लिवता येत नव्हतं ना," त्या म्हणाल्या. मग मला वही काढायला लावली. बापाचं नाव सांगितलं, त्याच्या बापाचं, आडनाव. "वाच." मी वाचलं. "आन्‌ गाव लिव. करमाड. नायतर दुसराच कुणी म्हणंल माझा आजा हाय." मी गाव लिहिलं. "पुन्यांदा लिव. एकदा लिवलं की पुसतंय." असं तीनदा लिहून घेतलं. फोटो त्यांनी नव्या ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळून दिला. ऑफिसात स्कॅन करून मी तो पुढच्या रविवारी परतही नेऊन दिला. तेवढं एक काम मी नीट केलं.

फोटो पाहून बँकेच्या बाईंनी पहिल्यांदाच दोन ओळींपेक्षा मोठं पत्र लिहिलं. त्यांना फार आनंद झाला होता. पूर्ण पान देऊ म्हणाल्या. मग विचारलं, 'यांचं नाव कळेल का? नाव छापायचं तर सोबतच्या फॉर्मवर घरच्यांची सही किंवा अंगठा लागेल. फोटो मिळवून देणाऱ्याचं नाव फॉर्मच्या तळाशी येतं आणि आम्ही ते पुस्तकाच्या शेवटी, आभारातही देतो. तेही कळवा. शुक्रवारपर्यंत मिळावं.'

तो मंगळवार होता. करमाड काही दूर नाही. जालना रोडला उभं राहिलं की अर्ध्या-पाऊण तासात माणूस तिथं.

मी गेले नाही.

फॉर्म नेला असता तर तो मावशींच्या मुलानं वाचला असता. वर बँकेचं नाव, खाली माझं. त्यानं बाबांना विचारलं असतं, आपली ताई परदेशी बँकेची पुस्तकं लिहिते का? आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, आभारात, माझं नाव कायमचं छापलेलं राहिलं असतं. उद्या कुणीही उघडून दाखवलं असतं: बघा, शहागंजात ओरडणारी ही. बुधवारी मी हे असं स्पष्ट स्वतःशी बोललेही नाही. बुधवारी मला एकदम बाबांचं वाक्य आठवलं. नाव आलं की मागणी लहान होते. मी विचार करायला लागले, आणि विचार किती सुंदर सुचत गेले म्हणून सांगू! हा एक माणूस कशाला? हा तर दारावरच्या सगळ्यांचा प्रतिनिधी. नाव दिलं तर ही एका घराची गोष्ट होईल. नाव नसेल तर ती समस्तांची होईल.

गुरुवारी मी लिहून पाठवलं: 'दारावरचा पहारेकरी. नाव माहीत नाही.' आणि त्याखाली बिननावाच्या माणसांच्या खांद्यांवर उभ्या असलेल्या इमारतींबद्दल आठ ओळींचा परिच्छेद. फोटो कुणाकडून? 'नाव देऊ नये ही विनंती.'

बाईंनी उत्तर पाठवलं, 'परिच्छेद अतिशय सुंदर आहे.' त्या शुक्रवारी आमच्या ऑफिसच्या सरांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

पुस्तक ऑगस्टात आलं. गुळगुळीत कागद, वजनाला पाटीएवढं. ते पान उघडलं तर मावशींचे वडील पुरे पानभर उभे होते. इतके स्वच्छ छापले होते की साफ्याची घडी न्‌ घडी दिसत होती. खाली बारीक अक्षरांत माझी ओळ. मी पुस्तक घरी आणून कपाटात ठेवलं, जुन्या पत्रकांच्या गठ्ठ्यामागं.

मावशी मुलाच्या फोनवरून फोन करायच्या.

"पोरी, आलं का पुस्तक?"

"नाही मावशी, अजून नाही. तिकडून यायचंय."

"बोटीनं येतंय का काय? माझा बापबी याच्या आधी आलता." आणि स्वतःच हसायच्या.

असं तीनदा झालं. तिन्ही वेळा मी कपाटाकडं पाठ करून बोलले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, मी बाबांचा डबा घेऊन छापखान्यात गेले तर तिथं स्टुलावर मावशी बसलेल्या. मांडीवर ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेला फोटो. आम्ही वाटलेल्या पत्रकाच्या तळाशी छापखान्याचा पत्ता असतो, तो नातीकडून वाचून घेऊन त्या एकट्याच एसटीनं आल्या होत्या. बाबांना त्यांनी सगळं सांगून झालं होतं.

"ही बघा आली," मावशी म्हणाल्या. "भाऊ, पोरगी तुमची गुणाची हाय, पर तिच्या ओळखीचे लोक लई सुस्त हायेत. सतरा तारीख आली. म्हणून म्हणलं, तुमीच काहीतरी छापून द्या."

बाबा माझ्याकडं बघत होते. चष्म्याची जाड काच, त्यामागं मोठे झालेले डोळे. "कुठल्या बँकेचं पुस्तक?" त्यांनी विचारलं. "कोण ओळखीचे?"

खोटं बोलायचीही एक ताकद लागते. ती माझ्यात उरली नव्हती. मी घरी गेले आणि पुस्तक घेऊन आले.

बाबांनी ते शाईच्या टेबलावर, खाली कोरा कागद अंथरून, उघडलं. मावशी उठून आल्या. फोटो बघितला आणि दोन्ही हात पदराला पुसले, मग बोट टेकवलं. "लई मोठा छापलाय," त्या म्हणाल्या. "बूट बघा भाऊ, बूट. आई सांगायची, बुटाला रोज तेल लावायचा." त्यांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता, नंतरही नाही. मग विचारलं, "ह्ये खाली काय लिवलंय? नाव हाय ना?"

बाबांचं इंग्रजी तुटकं आहे. ते वाकून एकेक शब्द लावत होते. "नेम," ते म्हणाले. "नेम... अननोन." मग माझ्याकडं वळले. "तू सांग. मला नीट येत नसेल."

"नाव माहीत नाही, असं लिहिलंय," मी म्हटलं.

"कुणाला माहीत नाही?"



"म्या तीनदा लिवून घेतलंतं," मावशी म्हणाल्या. त्या अजून माझ्यावर चिडल्या नव्हत्या. त्यांना वाटत होतं कुणीतरी मध्येच घोळ घातला. "तिच्या वहीत हाय भाऊ. बघा वही."

"ही ओळ कुणी लिहिली?" बाबांनी विचारलं.

"मी."

मावशींनी बोट फोटोवरून उचललं.

"म्हंजी गाव जे म्हणतं तेच तू लिवलं," त्या हळू म्हणाल्या. "कोण व्हता, कुठं व्हता, माहीत नाय."

मी माझं तत्त्व बाहेर काढलं. तेव्हाही काढलं, याची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. म्हटलं, "बाबा, तुम्हीच सांगितलंय. नाव आलं की मागणी लहान होते. मला त्यांना सगळ्यांचं प्रतीक..."

"ते मी तुला सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "स्वतःचं नाव छापायला निघालेल्या पोरीला." त्यांनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून एक जुनं पत्रक ओढलं आणि माझ्यापुढं धरलं. "खालची ओळ वाच. सगळ्यात बारीक टाइपातली."

मी आयुष्यभर पत्रकं पाहिलीत. ती ओळ मी कधी वाचली नव्हती. 'मुद्रक' असा शब्द, पुढं बाबांचं पूर्ण नाव, पत्ता.

"कायदा आहे. मुद्रकाचं नाव द्यावं लागतं," बाबा म्हणाले. "चौकीतून बोलावणं आलं की मला यायचं. बाकीच्यांची नावं गाळायची ती त्यांची नोकरी वाचावी म्हणून. नाव गाळून माणूस वाचवायचा असतो. तू कुणाला वाचवलंस?"

उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं.

बाबा मावशींकडं वळले. "आक्का, मी आत्ता बसून छापून देतो. वडलांचं नाव मोठ्या टाइपात. पैसे नकोत. सगळ्या गावात वाटू."

मावशींनी फोटो पुन्हा ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळायला घेतला. "नको भाऊ. तुमी चांगले मानसं. पर पत्रकात भजी बांधतेत. आन्‌ तुमी छापलं म्हंजी म्याच छापून घेतलं म्हणतेल. तिकडचं पाह्यजे व्हतं." मग मला म्हणाल्या, "तुला भ्याव वाटत व्हतं तर मला सांगायचं. म्या काय तुझं नाव घेतलं नसतं कुठं."

त्या पुस्तक न घेताच गेल्या. मी बस स्टँडपर्यंत सोबत गेले. एसटीत चढताना मी पिशवी धरायला हात पुढं केला, तर पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली.

त्याच संध्याकाळी मी बँकेच्या बाईंना लिहिलं. सगळं लिहिलं: नाव मला माहीत होतं, मी खोटं कळवलं, का कळवलं. खाली माझं पूर्ण नाव घातलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, पुन्हा दोनच ओळींचं. वाटली गेलेली पुस्तकं परत घेता येणार नाहीत. उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी घालू, फॉर्म पाठवा. मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

फॉर्म घेऊन मी करमाडला गेले. मुलगा घरी होता. त्यानं फॉर्म वाचला, वरचं बँकेचं नाव वाचलं, खालचं माझं वाचलं, आणि आईच्या अंगठ्याला शाई लावली. तो त्यानंतर सभेला आला, पण माझ्याशी बोलला नाही.

सतरा सप्टेंबरला फलक लागला. मी शेवटच्या रांगेत उभी होते. शाळेची पोरं, झेंडा, भाषण. फलकावर पांढऱ्या रंगात नावं, एकाखाली एक. मावशी नातीचा हात धरून पुढं उभ्या होत्या. नातीनं सगळी नावं मोठ्यानं वाचली, अगदी शेवटपर्यंत, आणि मग आजीकडं वर बघितलं. मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघी घराकडं वळल्या. मी तिथंच उभी राहिले. फुकट वाटलेल्या पत्रकाएवढीही माझी किंमत मला वाटत नव्हती.

शुद्धिपत्र दिवाळीनंतर आलं. तळहाताएवढा कागद, बँकेचा शिक्का, इंग्रजीत एकच वाक्य: अमुक पानावरच्या फोटोतली व्यक्ती म्हणजे हे, राहणार करमाड. मी ते मावशींना दिलं. त्यांनी ते नातीकडून दोनदा वाचून घेतलं. मग फोटो काचेमागून काढून उलटा केला आणि नातीपुढं ठेवला. "लिव," त्या म्हणाल्या. नातीनं पेन्सिलीला टोक केलं. मी जवळ सरकले, अक्षर नीट यावं म्हणून, तर मावशी म्हणाल्या, "तू नको. तिला येतंय." नातीनं लिहिलं: नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव. खाली, मलाया, बँकेच्या दारावर.

कमिटीवाले चिठ्ठी बघून म्हणाले, पुढच्या झेंडावंदनाआधी रंगारी येईल तेव्हा बघू. रंगारी येईल की नाही, मला माहीत नाही. नोकरी मी सोडली नाही. घर चालतं त्यावर. पण आता बाबांना माहीत आहे मी काय लिहिते, आणि ते कधी कधी विचारतात, "आज कुणाचं नाव गाळलंस?" चेष्टेत विचारतात. मला हसता येत नाही.

हे लिहितेय असं मी मावशींना सांगितलं. वडलांचं नाव घालू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "लिवायचं तवा लिवलं नाय. आता ऱ्हाऊ दे." म्हणून या लेखात ते नाव नाही. ते ज्या जागी असायला हवं होतं तिथं मी ते लिहिलं नाही, आणि इथं लिहायचा हक्क मला उरला नाही.

पण तुमच्या घरात एखादा फोटो असेल. दूर कुठंतरी गेलेला, कुठल्या तरी दारात उभा असलेला कुणीतरी. तो आज भिंतीवरून उतरवा. उलटा करा. मागं कोरं असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसा, आणि ते सांगतील तसं, नाव, गाव, कुठं होता, हे त्यांच्यासमोर लिहा. पेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. आणि गाव विसरू नका.